काहून जेवून नाई राहिले?

खोटं काहून बोलू, शालिकरामची बोलती मीच बंद केली.

मी जानराव. अकोल्याले टेसनासमोर खुशालराव शेटची खानावळ अन् लॉज आहे, तिथचा मॅनेजर. शालिकराम आमचा वाढपी. हा गडी पंगतीत फिरला का लोक एक भाकर जास्तीची खायचे. कोणाचा हात ताटात थांबला का हा पुढ्यात उभा, "काहून जी, जेवून नाई राहिले? घरची याद आली काय?" अमरावतीचे कापसाचे दलाल तर त्याच्यासाठीच आमच्याकडे उतरत.

त्या दिवशी शेटनं मले सकाळीच चार लोकांत झापलं. लॉजातल्या चादरी मळक्या निघाल्या होत्या. चूक धोब्याची, बोलणी मी खाल्ली. डोकं तापलंच होतं. दुपारी नागपूरच्या सरकारी कचेरीतले एक हेडक्लार्क जेवाले बसले, मूळचे पुण्याचे. शालिकरामनं त्याइले सवयीनं इचारलं, "काहून जेवून नाई राहिले तुमी?"

साहेब लालबुंद झाले. "हा मला जाब विचारतो?"

मले ठाऊक होतं, हा जाब नाई, माया आहे. एवढंच साहेबाले सांगाचं होतं. पण सकाळचा राग मले कोणावर तरी काढाचाच होता. भर पंगतीत मी वरडलो, "गावंढ्या, तुह्यं काम वाढाचं आहे, बोलाचं नाई. परत तोंड उघडलं तर तुह्या गावचा, भातकुलीचा रस्ता धर."

त्यानं वरणाची बादली उचलली अन् पुढच्या ताटाकडे गेला.

महिना झाला या गोष्टीले. आता तो मुकाट वाढते, मुकाट ताटं उचलते. शेट खुश आहे. म्हणते, जानराव, शिस्त लावली तू. मले लाज वाटते ते ऐकून. दोनदा माफी मागाले त्याच्यापाशी गेलो, अन् दोन्ही खेपेले कांदे चिरून झाले काय, असं इचारून वापस आलो. मॅनेजरनं वाढप्याची माफी मागाची म्हटलं का जीभच रेटत नाई.

आज सकाळी त्याची बायको जमुना नेहमीसारखी भाजी घेऊन आली. वांग्यांचं टोपलं खाली ठेवलं अन् उभीच राहिली.

"भाऊ, एक इचारू? हे घरीबी बोलत नाईत आताशा. पोरगी म्हणते, बाबा माह्यावर रागावले काय. इथं काई झालं काय?"

मी म्हटलं, "नाई. इथं काई नाई झालं."

"मंग माह्यंच काई चुकलं असन," ती म्हणाली, अन् खाली बसून किडके वांगे बाजूले काढाले लागली.