पाण्यातले दात

हिवाळा सरत आलेल्या एका मंगळवारी, सकाळी कचेऱ्या उघडण्याच्या सुमारास, न्यायालयाच्या मागील इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरील दिवाळखोरी कक्षाबाहेरच्या लाकडी बाकावर पन्नाशी ओलांडलेली एक बाई पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून बसली होती. तिला समन्स आले होते, आयुष्यात प्रथमच. रुग्णालयाच्या धुलाईघरात धुऊन आलेल्या चादरी मोजून घेणे हे तिचे काम, आणि तिथे मोजणी चुकली तर चादरी पुन्हा मोजता येत. इथे तिला शपथेवर एकाच प्रश्नाचे उत्तर द्यायचे होते, आणि ते उत्तर तिच्या घरी, पलंगाखाली, जुन्या रजईने झाकून ठेवलेले होते.

तिचा धाकटा भाऊ कवळ्या बनवीत असे. चाळिशी उलटली, कानशिलावरचे केस पांढरे झाले, तरी घरात आणि गल्लीत तो ‘छोट्या’च राहिला होता. बाजाराच्या टोकाला त्याची एका खोलीची कार्यशाळा होती. मोठे यंत्र घेण्यासाठी त्याने कर्ज काढले. यंत्र आले, पण दंतवैद्यांनी आपापली कामे मोठ्या प्रयोगशाळांकडे वळवली, आणि हप्ते थकले. मग वसुलीची माणसे येऊ लागली. ती मारहाण करीत नसत. ती नुसती दुकानात येऊन बसत, गिऱ्हाइकाकडे टक लावून पाहत, आणि त्यांच्यातला एक जाडजूड माणूस जाताना दरवेळी हसत म्हणे, की आता एकदा आलो की सगळे नेऊ, तोंडातले दातही सोडणार नाही. दुसऱ्या कुणी हे बोलणे कानाआड केले असते. दातांतच जन्म गेलेल्या माणसाला ते शब्दशः खरे वाटले.

म्हणून दिवाळखोरीचा अर्ज करण्याच्या आदल्या आठवड्यात, एका भर दुपारी, तो हातगाडी घेऊन बहिणीच्या दारात उभा राहिला. गाडीवर कवळी शिजवायची छोटी भट्टी, घासायची मोटार, गिऱ्हाइकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे, आणि झाकणाच्या डब्यांत पाण्यात बुडवलेल्या तयार कवळ्या. ज्यांची कामे पूर्ण झाली होती, पण जी माणसे अजून न्यायला आली नव्हती, त्यांच्या. न्यायालयाला दिलेल्या मालमत्तेच्या यादीत यातले काहीच आले नाही. जाताना त्याने एवढेच बजावले, की कवळी कोरडी पडली तर आक्रसते, मग ती कुणाच्याच तोंडात बसत नाही; तेव्हा ताई, पाणी रोज बदल.

ताईने बदलले. रोज सकाळी दाराला कडी लावून ती पलंगाखालून डबे ओढी, एकेक झाकण उघडी, आणि अनोळखी माणसांचे हसू पाण्यातून तिच्याकडे पाही. सुरुवातीला तिला किळस वाटली. नंतर भीती वाटू लागली, आणि ती सवयीने कमी होण्याऐवजी वाढतच गेली. दारावर थाप पडली की ती रजई पुढे ओढी. शेजारीण साखर मागायला आली तरी ती आधी पलंगाकडे पाही आणि मग दार उघडी. पुरून ठेवलेली वस्तू माणूस निदान विसरू तरी शकतो; या वस्तूंची तर रोज उठून बडदास्त ठेवावी लागत होती, आणि प्रत्येक दिवशीच्या त्या बडदास्तीने ती गुन्ह्यात नव्याने सामील होत होती. प्लास्टर पुरवणाऱ्या व्यापाऱ्याचे पैसे बुडाले होते. कार्यशाळेतली रिकामी फळी त्याच्या नजरेतून सुटली नाही, आणि छोट्याची बहीण कुठे राहते हेही त्याला ठाऊक होते. माल बहिणीकडे लपवला आहे असा अर्ज त्याने न्यायालयात दिला. समन्स आले ते त्यामुळे.

भाऊ बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला होता. वाटेत त्याने तिला पढवले होते, की फक्त ‘माहीत नाही’ म्हणायचे. दोन शब्द, त्यापुढे काही नाही. आणि आता तो तिच्याकडे पाहतही नव्हता.

त्या दोघांच्या मध्ये एक म्हातारे गृहस्थ येऊन बसले. बोलताना ते तोंडासमोर हात धरीत. छोट्याला त्यांनी ओळखले, मान डोलावली, आणि रागावण्याऐवजी ताईकडे वळून गप्पाच सुरू केल्या. बसस्थानकावर जन्मभर गाड्यांच्या घोषणा केल्या, आता स्वतःच्या सुनेला हाक मारली तरी ती ‘काय?’ म्हणून विचारते, असे ते हसत हसत सांगू लागले. कवळीचे सगळे पैसे त्यांनी आगाऊ भरले होते. पैसे बुडाले तर बुडाले, ते म्हणाले, त्यांचे नाव धनकोंमध्ये कुठेतरी खाली लिहिलेले असेलच. पण दात मिळाले तर पाहावेत म्हणून ते प्रत्येक तारखेला येत होते.

“मी यांना एक गोष्ट सांगितली होती,” हात तसाच धरून ते म्हणाले. “पुढचा एक दात जरा तिरका ठेवा. माझा होता तसा. नाहीतर घरचे म्हणतील, हा कोण परका माणूस येऊन जेवायला बसला.”

ताईने पर्स पोटाशी आवळली. तो तिरका दात तिने रोज पाहिला होता. पांढऱ्या झाकणाच्या डब्यातला. पाणी ओतताना तोच आधी वर दिसे. आतापर्यंत तिच्या भीतीला चेहरा नव्हता, होते ते फक्त कायद्याचे नाव. आता तिच्या शेजारी बसून ती भीती तोंडावर हात धरून विनोद करीत होती.  तिने नुसती मान हलवली.

म्हातारबुवा पाणी प्यायला उठले तशी ती भावाजवळ सरकली.

“छोट्या, आत गेल्यावर तूच सांगून टाक.”

“वेड लागलंय का तुला? जेल आहे त्यात. सगळं घेतील आणि वर आत टाकतील. तू दोन शब्द बोल आणि घरी जा.”

“रोज पाणी बदलते मी त्यांचं. माहीत नाही कसं म्हणू?”

“तोंडानं म्हण,” तो म्हणाला, आणि लगेच ओशाळून खाली पाहू लागला. त्याच्या पायाची टाच फरशीवर थडथड आपटत होती. लहानपणी परीक्षेच्या सकाळी आपटे, तशीच.

शिपायाने पुकारा केला. आतली खोली वाटली होती त्यापेक्षा लहान निघाली: एक टेबल, खिडकीत कागदांचे गठ्ठे, भिंतीवर बंद पडलेले घड्याळ, आणि टेबलामागे दिवाळखोराची मालमत्ता ताब्यात घ्यायला न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरबाई. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आवाज संथ आणि कोरडा. दिवसातून अनेकदा म्हणावे लागणारे वाक्य त्यांनी मान वर न करता म्हटले, की यादीत काही राहून गेले असेल तर अर्जदाराने शपथ घेण्याआधी आपणहून सांगावे. शपथेनंतर तीच चूक गुन्हा ठरते. मग त्या थांबल्या. छोट्याने ओठ उघडले आणि पुन्हा मिटले. खिडकीबाहेर कुणीतरी मोटारसायकल सुरू करीत होते आणि ती सुरू होत नव्हती.

“ठीक,” बाई म्हणाल्या. “आधी साक्षीदार.”

ताईने शपथ घेतली. शब्द तिच्याच तोंडून निघत होते, पण ऐकू येत होते ते लांबून, धुलाईघरातल्या यंत्रांच्या घरघरीपलीकडून यावेत तसे. रिसीव्हरबाईंनी विचारले, की अर्जदाराने त्याची कोणतीही वस्तू तुमच्या घरी ठेवली आहे का.

तिला दोन शब्द बोलायचे होते. ते बोलली असती तर भाऊ आजच्यापुरता सुटला असता आणि ती कायमची अडकली असती. ‘हो’ म्हटले असते तर ती सुटली असती आणि भाऊ तिच्याच तोंडून गेला असता. दोन्ही बाजूंना दरी, आणि उभे राहायला पायाखाली दोन बोटे जागा. त्या दोन बोटांवर तिला बाईंचे मघाचे वाक्य आठवले.

“मॅडम,” ती म्हणाली, “त्याची शपथ अजून झालेली नाही ना?”

“नाही. पण प्रश्न मी तुम्हाला विचारला आहे.”

“विचारा ना. मी खरंच सांगणार आहे. फक्त आधी त्याला विचारा. तो धाकटा आहे, त्याला आधी बोलू द्या. मग मी आहेच.”

रिसीव्हरबाईंनी पहिल्यांदा चष्मा काढला. त्यांनी ताईकडे पाहिले, मग छोट्याकडे, आणि लेखणी आडवी ठेवली.  छोट्याने बहिणीकडे पाहिले तेव्हा त्याच्या नजरेत आधी संताप होता. मग तो उतरला, आणि उरले ते निव्वळ भेदरलेले पोर.

“आहे,” तो म्हणाला. “ताईकडे आहे. भट्टी, मोटार, साचे. आणि तयार कवळ्या. तिनं काही केलं नाही, मीच नेऊन टाकलं.”

का, असे विचारल्यावर त्याने वसुलीच्या माणसांचे सगळे सांगितले: दुकानात बसणे, टक लावून पाहणे, तोंडातले दात. सांगताना त्याचा आवाज इतका लहान झाला, की बाईंना पुढे झुकावे लागले. ती माणसे कोणत्या आदेशाने आत बसली, असे त्यांनी विचारले. आदेश कसला, तो म्हणाला, ती नुसती यायची.

“अहो,” बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या कोरड्या आवाजात पहिल्यांदाच कंटाळ्याहून वेगळे काही आले, “धंद्याची हातची अवजारं जप्तीत येतच नाहीत. कायद्यानं ती तुमच्याकडेच राहतात. यादीत लिहिली असतीत तर मी त्यांना बोटही लावलं नसतं.”

छोट्याला ते लगेच समजले नाही. समजले तेव्हा तो भिंतीला टेकला. एवढे दिवस दोघांनी मुठीत धरलेला जीव, ती हातगाडी, ती रजई, दारावरची प्रत्येक थाप, हे सारे कायद्याने आधीच त्याच्या पदरात टाकलेल्या वस्तूंसाठी होते. त्याच्या सहीच्या खोट्या यादीने मात्र त्यांना गुन्ह्याचा रंग दिला होता. ताईला हसावे की रडावे कळेना. तिची भीती गेली नव्हती. बाई लिहीत होत्या, आणि त्या काय लिहीत आहेत ते अजून कुणी वाचून दाखवले नव्हते.

दाराच्या फटीतून म्हातारबुवा आत डोकावत होते. शिपायाने त्यांना हटकले नाही.

रिसीव्हरबाईंनी कागद उचलला आणि पाठ केल्यासारखे वाचले.

“अवजारं अर्जदाराकडे राहतील. पैसे भरलेल्या कवळ्या ना अर्जदाराच्या, ना धनकोंच्या. त्या आज संध्याकाळपर्यंत ज्यांच्या त्यांना द्यायच्या. वसुलीच्या माणसांविरुद्धची तक्रार या कार्यालयातून पुढे जाईल. साक्षीदारावर कारवाई नाही. अर्जदारानं शपथेआधी स्वतः सांगितलं म्हणून खटला नाही. खोट्या यादीवर सही केली म्हणून ऋणमुक्ती, म्हणजे कर्जातून सुटका, एक वर्ष पुढे.”

“एक वर्ष?” छोट्याने विचारले.

“एक वर्ष,” बाई म्हणाल्या.