पुराच्या पाण्यातली काहील

मित्रांनो, मी एक जुनी काहील आहे. उसाचा रस आटवून गूळ करायची भली थोरली पसरट कढई. कुरुंदवाडजवळच्या एका मळ्यात माझी उमेदीची वर्षं गेली. रस उकळू लागला की माझ्याभोवती माणसांची झुंबड उडे. “काहील न्हाय, लक्ष्मी हाय आमची,” असं मालक केरबा पावण्यांना सांगत.

गुऱ्हाळ बंद पडलं आणि माझी रया गेली. आता पूर आला की तेवढी माझी आठवण होते. वस्तीला पाण्यात घालायला नाव नाही, म्हणून मीच नाव. मला ना टोक, ना सुकाणू. वारा फिरवील तशी मी गरगरते. आगीचे चटके हसत सोसले, पण या पाण्यानं मी अगदी थकून गेले.

यंदाच्या पुरात म्हशी उपाशी होत्या. केरबा सुनेला, वर्षाराणीला, घेऊन माझ्यात बसून पलीकडून वैरण आणायला निघाले. तिला पोहता येत नाही. परतताना मधोमध आलो आणि आभाळ एकाएकी काळंकुट्ट झालं. काठावरची झाडं दिसेनात. पाऊस असा कोसळला की मी आतून भरू लागले. वर्षाराणी डब्यानं पाणी उपसत होती आणि वैरण भिजून जड होत होती.

“मामंजी, भारे टाका की पाण्यात!”

“जनावरं उपाशी हायती, पोरी. न्हाय टाकायचो.”

“आन् मी बुडाल्यावर धार कोण काढणार हाय?”

असं म्हणत तिनंच भारे ढकलून दिले. मी हलकी झाले आणि कशीबशी काठाला लागले.

जमलेली माणसं खूश झाली. केरबांनी माझ्या कडेवर थाप मारली. “बघितलंसा? काहील हाय तवर नाव कशाला पायजे?” सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी मला कुंकू लावलं. मला त्या कौतुकाचं रडू आलं.

सकाळी मला पुन्हा पाण्यात लोटलं. वैरण तर आणायलाच हवी होती. वर्षाराणी पदर खोचून आत बसली. तिनं माझा काठ दोन्ही हातांनी घट्ट धरला.

मित्रांनो, मला खुशाल भंगारात घाला, मी रुसणार नाही. पण पुढच्या पुराआधी वस्तीला एक नाव आणा. माझ्यात बसायची तिला भीती वाटते, आणि तिला न्यायची मला.