दुपारचं तळगव्हाण

दामिनी अकोल्याहून घरी आली तेव्हा सुगतला नाहीसं होऊन पाच दिवस झाले होते, आणि बाबांनी तिला ते फोनवर सांगितलं नव्हतं. अकरावीनंतरचे जादा वर्ग संपवून, वसतिगृहातली खोली आवरून, अमरावतीला गाडी बदलून ती चांदूर बाजारला उतरली. स्टँडवर शेजारच्या पार्बताबाई भेटल्या आणि त्यांच्याकडूनच तिला कळलं, की तिचा दादा सोमवारच्या दुपारपासून गावात नाही. पोलिसांत कळवून झालं होतं. लोक म्हणत होते, पुण्याला एखाद्या कंपनीत गेला असेल, करेल फोन चार दिवसांनी. चपला तेवढ्या धरणाच्या काठावर सापडल्या होत्या. हे सांगताना पार्बताबाईंनी तिचा हात घट्ट धरला आणि घाईघाईनं म्हणाल्या, की धरणात माणूस बुडेल एवढं पाणी सध्या आहेच कुठे.

ते खरं होतं. मे महिन्यात धरण आटून मधल्या डोहापुरतं उरायचं आणि काठापासून आत मैलभर नुसती भेगाळलेली काळी जमीन उघडी पडायची. त्याच जमिनीवर सोळा वर्षांपूर्वी तळगव्हाण होतं. धरण भरायला लागलं तसं गाव उठून वर माळावर आलं. कागदोपत्री त्याचं नाव अजून तळगव्हाणच, पण आजूबाजूचे लोक त्याला नुसतं पुनर्वसन म्हणतात. गाव उठत होतं त्या दिवसांत पाणी आधी खालच्या शेतांत शिरलं आणि शेतांतले साप घरांकडे आले. दामिनीची आई, ज्योत्स्ना, चुलीसाठी कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या गंजीत हात घालायला गेली आणि तिला पान लागलं, साप डसला. चांदूर बाजारच्या दवाखान्यापर्यंतही ती पोचली नाही. सुगत तेव्हा सहा वर्षांचा होता, दामिनी आठ महिन्यांची. त्यांच्या बापानं, नागसेननं, पुढं दुसरं लग्न केलं नाही. संत्र्याच्या बागांत मजुरी करून त्यानं दोन्ही पोरं वाढवली.

सुगतला पोलिसात जायचं होतं. अमरावतीला खोली करून तो तीन वर्षं पहाटे मैदानावर पळाला. तिसऱ्या वेळी मैदानी चाचणीत पुढं निघाला आणि लेखी परीक्षेत एका मार्कानं राहिला. मार्चमध्ये परत आला तो बोलेनासाच झाला. भर दुपारी काठावर जाऊन बसायचा, एवढंच पार्बताबाईंनी पाहिलं होतं.

घरी पोचल्यावर दामिनीनं बाबांना विचारलं, तर ते जेवून घे म्हणाले. संध्याकाळीही काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बारा वाजायच्या सुमाराला त्यांनी बाज दारातून आत ओढली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. दामिनीला आठवलं, उन्हाळ्यात ते नेहमी हेच करायचे. दारातून धरणाचा सगळा उतार दिसायचा आणि बाबा त्याच्याकडे पाठ करून झोपायचे. आजवर तिला वाटायचं, उन्हाची तिरीप लागत असेल.

ती बाजेच्या उशाशी बसली. तिथून उठली नाही. शेवटी भिंतीकडे तोंड ठेवूनच नागसेन बोलला.

"सुगत जुन्या गावात गेला," तो म्हणाला. "दुपारचं ते उभं रायते. तुले दिसत नाई, कारन तुले ते आठवत नाई. मले दिसते."

मग तुकड्यातुकड्यानं त्यानं सगळं सांगितलं. ऊन अगदी डोक्यावर आलं की आटलेल्या धरणात, झळांच्या पाण्यावर गाव उभं राहतं. घरं, शाळा, विहार, सगळं. माणसंसुद्धा. सावल्या लांबायला लागल्या की विरून जातं. ज्यांच्या मनात ते गाव पक्कं आहे त्यांनाच ते दिसतं, आणि त्यातले बरेच आता म्हातारे होऊन गेले. पहिल्या उन्हाळ्यात नागसेन स्वतः आत गेला होता. दोन दिवस राहिला. आत गेलेला माणूस हळूहळू त्या दिवसांतला होऊन जातो, बाहेरचं विसरतो.

"तुमी मंग परत कसे आले?" दामिनीनं विचारलं.

"तिथं तू झोळीत होती. हसत होती. मले मालूम होतं, ही पोट्टी कधी उपाशी नाई रायनार. बाहेरची मातर पार्बताबाईच्या घरी रडत असन. म्हनून आलो."

सुगतला आणायला का गेला नाहीत, असं तिनं विचारलं तेव्हा तिच्या आवाजात राग होता. नागसेननं कूस बदलून पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. तो रोज काठापर्यंत गेला होता. पाचही दिवस. दारात ज्योत्स्ना उभी दिसायची. यावेळी आत गेलो तर परत येणार नाही, हे त्याला स्वतःबद्दल पक्कं ठाऊक होतं, आणि मग एका पोराऐवजी दोन माणसं जातील, असं तो म्हणाला. ते तो लाजत बोलला. बापाला असं लाजताना दामिनीनं कधी पाहिलं नव्हतं. तिचा राग कुठल्या कुठे गेला.

"मले घेऊन चला," ती म्हणाली. "मी जातो आत. मले तिथलं काईच आठवत नाई, तर मले काय अडवनार हाय तिथं?"

नागसेनला हे पटलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी साडेअकराला त्यानं डोक्याला दुपट्टा बांधला आणि दोघं उतारानं निघाली. शेजारपाजारची दारं बंद होती. जमीन इतकी तापलेली, की चपलेतूनही चटका बसत होता. काठ संपला तिथं नागसेननं तिचं मनगट धरलं आणि समोर बघत, शेतातून एखाद्या आंधळ्याला न्यावं तसं तिला चालवलं. दामिनीला नुसत्या झळा दिसत होत्या. शंभरेक पावलांवर त्यानं हात सोडला. मी इथून हाका मारत राहीन, त्या ऐकू आल्या की निघ, एवढं सांगितलं आणि तिला पाठीवर हलकंसं ढकललं.

पुढच्या पावलाला तिच्या पायाखाली रस्ता होता.

शाळेच्या भिंतीवर पोलिओच्या डोसाची जाहिरात रंगवलेली होती. विहारावर पंचशील ध्वज होता, पण वारा नसल्यामुळे तो नुसता लोंबत होता. ओट्यांवर माणसं बसलेली. त्यातले नत्थुजी तिनं ओळखले, कारण त्यांचा फोटो त्यांच्या सुनेच्या घरात हार घालून लावलेला होता. कुणालाच सावली नव्हती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, कुणाकडे आली म्हणून विचारलं, आणि तिनं नागसेनचं नाव सांगताच घर दाखवलं.

घरासमोर एक सहा वर्षांचा पोरगा सायकलचा जुना टायर काडीनं पळवत होता. उघडा, गुडघ्यावर खरूज, नाक वाहणारं. दामिनीनं त्याला थांबवलं आणि त्याच्या तोंडाकडे पाहिलं. सुगतच होता. तिला सायकल शिकवणारा, पहिल्यांदा अकोल्याला वसतिगृहात सोडून जाताना मागं वळून न पाहणारा तिचा दादा. त्यानं तिला ओळखलं नाही. टायर सोड म्हणाला.

दारात ज्योत्स्ना सूप घेऊन जवारी निवडत होती. घरात आईचा एकच फोटो होता, लग्नातला, त्यात तिची मान खाली. त्यामुळे आईचे डोळे दामिनीनं आज पहिल्यांदा पाहिले. आई तिच्यापेक्षा दहा-अकरा वर्षांनीच मोठी होती.

"कोनाची वो तू?" ज्योत्स्नानं विचारलं.

रस्त्यानं येताना दामिनीनं ठरवलं होतं, की सगळं खरं सांगायचं. आता तोंड उघडताना तिला कळलं, की ते सांगायचं म्हणजे या बाईला ती मेली हे सांगायचं. ती खोटं बोलली. मी चांदूर रेल्वेची, म्हणाली. धर्मपाल मामांच्या शेजारची. गाव उठायच्या गडबडीत पोराचे हाल नकोत, म्हणून मामांनी सुगतला न्यायला पाठवलंय.

ज्योत्स्नाच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं. तिच्याही मनात तेच होतं. काल कौशल्याच्या न्हाणीत साप निघाला, पोरगं दिवसभर अनवाणी हिंडतं, लक्ष तरी किती ठेवायचं. भाऊ आपलं मन ओळखतो, असं म्हणून ती उठली आणि सुगतचे दोन सदरे पिशवीत घातले. मग दामिनीच्या केसांकडे तिचं लक्ष गेलं.

"असी जाशीन का गाडीत? बस इथं."

तिनं तेलाची बाटली आणली. झोळीतली पोर किरकिरायला लागली होती, तिला उचलून दामिनीच्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः मागं बसून वेणी घालायला घेतली. दामिनीच्या मांडीवर दामिनी होती. गरम, दुधाचा वास येणारी, मूठ तोंडात घालणारी. मागून आईची बोटं केसांतून फिरत होती, गुंता सोडवताना मुळाशी धरत होती, दुखू नये म्हणून. दामिनीनं डोळे मिटले नाहीत. तिला यातलं काहीही चुकवायचं नव्हतं.

"लय रडकी हाय," ज्योत्स्ना पोरीबद्दल म्हणाली. "मोठी होऊन काय करते काय मालूम."

"अकोल्याले शिकाले जाईन."

वेणीतले हात थांबले. "एवढ्या दूर? एकली?" मग ते परत चालू लागले. "मी जाईन तिच्यासंगं. खोली करून राहू."

दुरून, फार दुरून, बाबांची हाक आली. तिनं पोरीला झोळीत ठेवलं, झोळीला एक झोका दिला आणि सुगतला पाठीवर घेतलं. मामाकडे जायचं म्हणून तो खुशीत होता. निघताना मात्र तिला राहवलं नाही.

"माय, त्या पऱ्हाट्यांच्या गंजीत हात घालू नका."

वऱ्हाडात कोणीही कोणालाही माय म्हणतं, त्यामुळे ते खपून गेलं. ज्योत्स्ना हसली आणि बरं म्हणाली. जे होऊन गेलंय ते या सांगण्यानं टळणार नाही हे दामिनीला ठाऊक होतं, तरी सांगितलं.

शेवटचं घर मागं पडलं आणि सुगतनं मान वळवली. आईला बोलव म्हणाला. मग रडायला लागला. वीसेक पावलांवर तो जड झाला. आधी दामिनीला वाटलं, आपण दमलो. मग त्याचे पाय तिच्या पोटऱ्यांना लागायला लागले. गळ्याभोवतीचे हात लांब झाले, निबर झाले. तो ओरडत होता आणि ओरडता ओरडता त्याचा आवाज फुटत होता, कधी पोराचा, कधी बाप्याचा. सोड मले, मी नाई येत, तिथं मले कोनी काई इचारत नाई. ती गुडघ्यांवर पडली. तापल्या भेगांवर तळहात टेकले तशी कातडी पोळली. पाठीवर बावीस वर्षांचा माणूस होता आणि तो मागं ओढत होता. तिनं त्याचे दोन्ही हात आपल्या छातीशी धरून ठेवले आणि गुडघ्यांवरच पुढं सरकत राहिली. पाच पावलं, मग तीन, मग एकसुद्धा नाही.

तेव्हा तिला बाबा दिसले. ते काठाकडून पळत येत होते, थेट आत, जिथं येणार नाही म्हणाले होते तिथं. त्यांनी सुगतला काखेत धरून उचललं, आणि उचलता उचलता त्यांची नजर वर गेली. गावाकडे. ते जागच्या जागी उभे राहिले. त्यांच्या ओठांनी आईचं नाव घेतलेलं दामिनीनं पाहिलं.

तिनं एका हातानं सुगतचं मनगट पकडलं होतं. दुसऱ्या हातानं बापाचा सदरा धरला. "बाबा," ती म्हणाली, "मी इथं हाय."

नागसेननं मान खाली घातली. मग तिघंही चालायला लागली.

काठावरच्या बाभळीखाली पोचेपर्यंत तिची वेणी सुटली होती आणि केस सकाळसारखेच कोरडे होते. सुगत जमिनीवर पालथा पडून रडला. कावून आणलं मले, एवढंच विचारत राहिला. नागसेननं त्याच्या डोक्यावर बाटलीतलं पाणी ओतलं.

त्यानंतर महिनाभर सुगत बहिणीशी बोलला नाही. पार्बताबाईंना आणि गावाला त्यांनी सांगितलं, की तो पुण्याहून परत आला. दुसऱ्याच दुपारी दामिनी दारात उभी राहिली आणि उतारावर तिला सगळं दिसलं: शाळा, ध्वज, घरापुढं सूप घेऊन बसलेली बाई. आता तिलाही ते आठवत होतं. ती चौकट धरून उभी राहिली. पाऊस लागून धरणात पाणी चढेपर्यंत रोज तशीच उभी राहिली. उंबरा मात्र ओलांडला नाही.

जूनमध्ये ती अकोल्याला परतली. सुगत चांदूर बाजारच्या एका व्यापाऱ्याची छोटी गाडी चालवायला लागल्याचं बाबांनी फोनवर सांगितलं. नोव्हेंबरात एका बुधवारी वसतिगृहाच्या फाटकावरून तिला निरोप आला. बाहेर सुगत उभा होता. मंडईत संत्र्याच्या पेट्या उतरवून आला होता. सदऱ्याला सालीचा वास होता.

दोघं रस्त्याच्या कडेच्या कठड्यावर बसली. सुगतनं दुपट्ट्यानं हात पुसले. मग म्हणाला, की आईला कुत्र्यांची फार भीती वाटायची. गल्लीत कुत्रं दिसलं, की सहा वर्षांच्या सुगतला पुढं घालून ती मागून चालायची, आणि घरी आल्यावर बाबांना सांगायची, पोरगं घाबरलं होतं म्हणून जवळ धरलं.

दामिनी हसली. हसता हसता तिचे डोळे भरले. "आनखी सांग," ती म्हणाली.

त्यानं मोबाइलवर वेळ पाहिली. रिकामी गाडी परत न्यायची होती. पुढच्या बुधवारी पुन्हा माल आहे, म्हणाला, तेव्हा सांगतो. ती गाडीपर्यंत त्याच्याबरोबर चालत गेली. तो दार उघडून आत बसला, किल्ली हातात घेतली, आणि मग काच खाली करून म्हणाला, "तिले गाता येत नव्हतं. पन गायची."