न मोडणारी फ्रेम

चष्मा कसा मोडला हे गिऱ्हाईक कधीच खरं सांगत नाही. "आपोआप तुटला हो," म्हणतात. पस्तीस वर्षं ऐकतोय. उशाशी ठेवून त्यावरच झोपलं की काड्या फाकतात, फरशीवर पडला की कोपऱ्याचा टवका उडतो, नातवाने ओढला की बिजागरी निखळते. मोडका चष्मा हातात आला की मला कळतं, आणि मी गप्प बसतो. गिऱ्हाइकाला खोटं पाडून दुकान चालत नाही.

मीटरवाल्याच्या बहिणीने पहिला चष्मा आणला तेव्हाही मला कळलं होतं.

मीटरवाला म्हणजे आमच्या भागात पाण्याचे मीटर वाचत फिरणारा. उणे अकरा नंबर. चष्मा काढला की समोरचा माणूस बाई आहे की बुवा, तेही सांगता यायचं नाही, आणि नोकरी कसली तर आकडे वाचायची! आम्ही त्याची भरपूर थट्टा करायचो, तोही हसायचा. मग एक दिवस पाण्याच्या टाकीवरचे पंप कुणीतरी फोडले. त्या बाजूला हा फिरताना दिसला होता, म्हणून पोलिसांनी ह्याला उचलला. गुन्हा नेमका काय, ते कागदावर अजून धड आलंच नव्हतं. पण आमच्या गल्लीचे नळ तीन दिवस कोरडे होते, त्यामुळे गल्लीला जी काही दया आली ती पंपांची.

बहीण औषधांच्या कारखान्यात गोळ्या भरायचं काम करते. जेवणाच्या सुट्टीत आली, कपाळावर टोपीच्या इलॅस्टिकचा वळ तसाच होता. तिने रुमालातला चष्मा काउंटरवर ठेवला.

"पडला म्हणे," ती म्हणाली.

फ्रेमचा नाकावरचा भाग मधोमध आत दबला होता आणि दोन्ही काचांना तडे होते. चष्मा पडून असा होत नाही. नाकावर असताना समोरून काहीतरी बसलं की होतो.

"उद्या नवा करून देतो," मी म्हणालो.

दहा दिवसांनी, गुरुवारी, ती दुसरा घेऊन आली. तसाच दबलेला. डाव्या काडीला आतून वाळलेलं रक्त होतं. ह्या वेळी ती पडल्याबिडल्याचं काही बोलली नाही.

"काका, सोमवारी त्याला कोर्टात उभा करणार आहेत. वकील म्हणाले, चष्मेवाल्याकडून लिहून आणा. कुठल्या तारखेला कसला चष्मा आला, कसा मोडला होता, एवढंच."

"अहो ताई, मी काय डॉक्टर आहे का?"

"चष्मा फुटला की ते कागद पुढे करतात. दोन कागदांवर सह्या झाल्यात त्याच्या. कशावर केल्या, ते त्याला दिसलेलंच नाही."

दुकानात निवृत्त मुख्याध्यापक बसले होते. ते रोज येतात, स्क्रू घट्ट करून घ्यायला म्हणून. त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. माझ्या दुकानाच्या काचेतून समोरची चौकी दिसते. चौकीतले निम्मे चष्मे माझ्याच हातचे. मला ती गेलेली हवी होती. खरं सांगायचं तर एवढंच हवं होतं.

मग मला एकदम सुचलं. लहान मुलांसाठी येते ती लवचीक फ्रेम मी खणातून काढली, तिच्यासमोर पिळली, मुठीत चुरगाळली, सोडली. फ्रेम टुणकन जागेवर आली. "ही मोडायचीच नाही. काचाही न फुटणाऱ्या टाकतो. पैसे देऊ नका."

ती त्या फ्रेमकडे बघत राहिली. "मोडू नये म्हणून नव्हते हो आले मी," ती म्हणाली. पण संध्याकाळी येऊन चष्मा घेऊन गेली. भाऊ आंधळ्यासारखा बसलाय म्हटल्यावर कुठली बहीण नको म्हणेल?

ती गेल्यावर मुख्याध्यापकांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. "काही केल्याशिवाय कोण कशाला उचलेल? आपल्याला नाही ना उचललं?" मी मान हलवली. हो म्हणून नाही आणि नाही म्हणूनही नाही. घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "बरं केलंत. मदतही झाली आणि नसती कटकटही टळली." त्या दिवशी जेवण मला गोड लागलं. आता आठवलं की लाज वाटते.

सोमवारी दुपारी ती आली. काउंटरला टेकून उभी राहिली, बसा म्हटलं तरी बसली नाही.

"न्यायाधीशांनी विचारलं, मारलं का. तो हो म्हणाला. सरकारी वकील उठले. म्हणाले, साहेब, तोंडावर मारलं असतं तर चष्म्याचा चुरा झाला असता, ह्याच्या चष्म्याला साधा ओरखडा नाही. सगळे त्याच्या चष्म्याकडे बघायला लागले. आणखी चौदा दिवस कोठडी दिली."

मुख्याध्यापकांना अचानक काहीतरी काम आठवलं, ते निघून गेले.

"ते मोडके दोन तरी द्या," ती म्हणाली. "तुमच्याकडेच राहिलेत."

मी मोडीचा डबा उपडा केला. एवढ्या जाड काचा दुसऱ्या कुणाच्या नाहीत, दोन्ही लगेच सापडले. वाकडी फ्रेम हातात आली की ती सरळ केल्याशिवाय मला खाली ठेवता येत नाही; पस्तीस वर्षांची खोड. दोन्ही फ्रेमचं नाक मी पक्कडीने नीट उचलून ठेवलं होतं. काडीवरचं रक्तही स्पिरिटने पुसलं होतं. आता ते नुसते काच तडकलेले, पडून फुटलेले चष्मे दिसत होते.

"मीच केलं हे," मी म्हणालो. "सवयीने."

ती चिडली असती तर बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, "मग आता लिहा."

मी पावतीपुस्तक बाजूला सारलं आणि दुकानाचं नाव छापलेला कागद घेतला. दोन्ही तारखा लिहिल्या, फ्रेम कुठे दबली होती ते लिहिलं, रक्ताचं लिहिलं. त्या मी सरळ केल्या आणि पुसल्या, तेही लिहिलं. सही केली, शिक्का मारला. खाली तारीख टाकताना थांबलो. ही गुरुवारची असती तर!

"आजचीच टाका," ती म्हणाली. "खोटं नको."

तिने कागदाची घडी रुमालात ठेवली, पण जागची हलली नाही. नजर खणांवरून फिरत होती.

"काका, त्याला अजून एक चष्मा करून द्या."

"का? तो तर चांगला आहे ना?"

"साधा द्या," ती म्हणाली. "मोडेल असा."

मी खाली वाकून साध्या फ्रेमचा खण उघडला.