मी सरावाचा बोगदा

मी बोगदा. डोंगरातला नव्हे हो, खोलीतला! माझ्यातून गाडी जात नाही. माणूस आत सरकतो, जरा वेळ पडून राहतो आणि गेला त्याच बाजूने बाहेर येतो. मी बोलायला लागलो म्हणून दचकू नका. इतकी वर्षं लोकांची डोकी पोटात घेऊन पडलोय, थोडंफार बोलणं यायलाच हवं की नाही?

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून तक्रार नको. मी खोटा आहे. एमआरआयचं यंत्र तुम्हाला माहीत असेल, तो मोठा पांढरा डबा, ज्यात झोपवून शरीराच्या आतले फोटो काढतात. मी दिसायला तसा, पण मला फोटोबिटो काही काढता येत नाही. माझं काम फक्त सराव करून घेण्याचं.

मागच्या जन्मी मी गच्चीवरची पाण्याची टाकी होतो. सुतारकाकांनी माझी दोन्ही टोकं कापली, भोवती प्लायवूड ठोकलं, डोक्यावर घालायला हेल्मेटसारखी जाळी बसवली आणि खाली सरकता पलंग जोडला. काकांचा हात बसलेला स्वयंपाकघरातल्या खणांवर. त्यामुळे माणूस आत गेला की चमच्यांचा खण बंद केल्यासारखा 'खट' आवाज व्हायचा. काका स्वतःच आत जाऊन आले आणि म्हणाले, "ऐसपैस आहे. आमच्या घरात मला एवढी जागा मिळत नाही."

मला करवून घेतलं ते एका संस्थेने. ऑटिझम असलेल्या माणसांसाठी ती काम करते. संशोधनाला हातभार लावायचा, त्यासाठी पैसे गोळा करायचे आणि आईवडलांना खात्रीची माहिती द्यायची, हा तिचा उद्योग. संशोधकांना मेंदूचे फोटो हवे असायचे, पण ते निघायचे शांत पडून राहणाऱ्या मुलांचेच. ज्यांना आवाज सोसत नाही, जी फारशी बोलत नाहीत, ती मुलं दारातूनच माघारी जायची. मग त्यांच्याबद्दल काही कळणार कसं? म्हणून ठरलं की आधी घरच्यासारख्या खोलीत सराव करू द्यायचा आणि मुलाची इच्छा असेल तरच पुढे खऱ्या यंत्राकडे न्यायचं.

माझ्या शेजारच्या खोलीत माहितीचं टेबल आहे. तिथे बसणाऱ्या बाईंना सगळे खातरजमाबाई म्हणतात, तोंडावरसुद्धा. पत्रकातला शब्दन् शब्द त्या चार ठिकाणी ताडून बघतात. फोनवर कोणी विचारतं, "महिन्याभरात ऑटिझम बरा करणारं औषध आहे म्हणे?" बाई शांतपणे सांगतात, "ऑटिझम हा आजार नाही, आणि तो घालवणारं औषधही नाही. कोण विकतंय ते मात्र मला सांगा." आणि जे माहीत नसेल त्याला सरळ "माहीत नाही, शोधून कळवते" म्हणतात. हे वाक्य उच्चारायला किती जणांची जीभ जड होते ते मी पाहिलंय.

दुसरे आमचे देणगीदादा. पैसे जमवण्याचं खातं त्यांचं. लिफ्टमध्ये भेटलेल्या माणसाकडूनसुद्धा ते देणगी काढतील. मनाने लोण्याचा गोळा, पण उत्साह आवरत नाही. मला बघून त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, या पांढऱ्या खोक्यापुढे उभं राहून कोण फोटो काढणार? देणगीदारांना काहीतरी दाखवायला नको का?"

झालं! दोन दिवसांत माझं रॉकेट झालं. अंगभर निळा रंग, त्यावर चांदण्या, मागे लालभडक शेपूट. देणगीदारांच्या सौभाग्यवतींनी कानांवर हात ठेवले म्हणून माझ्या स्पीकरवरचा यंत्रासारखा आवाजही कमी केला, इतका की तो मिक्सर शेजारच्या घरात चालू असावा असा वाटायचा. मूल आत गेलं की दादा ओरडायचे, "तीन, दोन, एक, उडालं!" आणि सगळे टाळ्या वाजवायचे.

खरं सांगू? मला भारी आवडलं. माझा फोटो भिंतीभिंतीवर लागला. माणसं माझ्या गळ्यात गळा घालून उभी राहायची. टाकीच्या जन्मात कोण विचारत होतं मला?

अशातच बबडी आली. तिचे बाबा शिंपी. बबडी दहाएक वर्षांची, मोजकं बोलणारी, आणि तिला एक नाद होता. हाताला लागेल ते उलटं करून आतून बघायचं. सदरा, पिशवी, उशीचा अभ्रा, पाहुण्यांचा कोटसुद्धा. शिवण कुठून कुठे गेली ते बोट फिरवून पाहिल्याशिवाय तिचं समाधान होत नसे. बाबा म्हणायचे, "माझ्या दुकानात माल तपासायला हिच्यासारखं कोणी नाही."

मेंदूचा फोटो आपल्याला घरी नेता येतो हे तिला कळलं मात्र, तिने एकच धोशा लावला. "माझं डोकं आतून. मला पाहिजे." आईबाबांनी भरीला घातलं नव्हतं, तिची तिलाच हौस होती. माझ्यात ती इतकी सुरेख पडून राहायची की सगळे खूश. रॉकेट उडायचं, रॉकेट उतरायचं. खऱ्या यंत्राकडे जायची तारीख ठरली.

त्या दिवशी संध्याकाळी बाबा एकटेच आत आले. बबडी बाहेर पायऱ्यांवर बसली होती. दारातून आत यायला तयारच नव्हती.

"खोटं बोललात तुम्ही तिच्याशी," बाबा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "ती हौसेने गेली तिथे. यंत्र बघितलं आणि म्हणाली, 'हे नाही.' चांदण्या शोधत यंत्राभोवती फिरली. तेवढ्यात ते सुरू झालं. केवढा तो कर्कश आवाज! कान दाबून जमिनीवर बसली माझी पोर. आता मी सांगितलेलंही तिला खरं वाटत नाही. दुपारी जेवायला बसली तर विचारते, 'ही भाजीच आहे ना?'"

बाबा पुढे म्हणाले, "कापड आटणार असेल तर आटणार म्हणून सांगतो मी गिऱ्हाइकाला. लेकीला तर आजवर एक शब्द खोटा सांगितला नाही. तुमच्या भरवशावर 'तिथेही असंच असतं' म्हणून सांगून बसलो."

देणगीदादांचा चेहरा एवढुसा झाला. "अहो, मुलांना मजा वाटावी म्हणून हो..." ते पुटपुटले. पण खातरजमाबाईंनी त्यांना दोष दिला नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "पत्रकातलं अक्षर न् अक्षर मी तपासते, आणि हा बोगदा रोज मुलांना चुकीची माहिती देतोय हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ही चूक माझी."

मी चुकीची माहिती! इतके दिवस कौतुक ऐकून फुगलो होतो, एका वाक्यात पार भुईसपाट झालो. पण बाई बोलत होत्या ते खरं होतं.

मग मला खरवडायला घेतलं. पॉलिशपेपर हातात घेऊन कोण बसलं असेल? स्वतः देणगीदादा. बाह्या वर करून, नाकातोंडात भुसा जाईपर्यंत घासत होते. "पोस्टरं सगळी नवी छापावी लागणार," असं मधूनमधून पुटपुटायचे आणि पुन्हा घासायचे. एकेक चांदणी गेली तसा मी आतून हळहळलो, लपवत नाही. सुतारकाकांनी पलंगाची खटखट घालवली. बाई संशोधन केंद्रात जाऊन खऱ्या यंत्राचे सगळे आवाज भरून घेऊन आल्या, तितक्याच मोठ्याने. पहिल्यांदा त्याच आत झोपल्या. बाहेर आल्या तेव्हा केस विस्कटलेले. "बाप रे!" एवढंच म्हणाल्या.

बबडी मात्र येईना. बाबा तिला घेऊन यायचे, ती पायरीवर बसायची, परत जायची. तिला ओढून आणायचं नाही, चॉकलेटही दाखवायचं नाही, असं बाईंनी सर्वांना बजावलं होतं. "नको म्हणाली तर नको. पण आपल्यामुळे तिचा सगळ्यांवरचा विश्वास उडालाय, तो तसाच सोडून कसं चालेल?" त्या स्वतः तिच्या शेजारी पायरीवर जाऊन बसायच्या.

एके दिवशी दारात दोघी उभ्या दिसल्या. बाई सांगत होत्या, "आम्ही चुकलो. ते रॉकेट नव्हतं. आणि हे खरं यंत्रही नाही. लाकूड आहे आणि पाण्याची टाकी. याच्यातून फोटो निघत नाही. खऱ्या यंत्रातून निघतो. ते दुखत नाही, पण आवाज वाईट असतो. याच्यातही तेवढाच वाईट आहे."

बबडी बराच वेळ मला न्याहाळत राहिली. मग म्हणाली, "आतून."

बाईंना उमगलं. सुतारकाकांना बोलावून माझ्या पाठीची फळी काढायला लावली. अगं बाई गं, माझी लाज! सगळे स्क्रू, खिळे, चिकटवलेल्या वायरी उघड्यावर. बबडी मागून आत शिरली. स्पीकरवर हात ठेवला, टाकी वाजवून बघितली, कडेकडेने बोट फिरवलं. "टाकी," ती म्हणाली. "लाकूड." सगळं सांगितल्याप्रमाणेच निघालं होतं.

मग ती आपण होऊन पलंगावर पडली. हातात रबराचा चेंडू दिला, तो दाबला की सगळं थांबतं. आवाज सुरू झाला आणि तिने लगेच चेंडू दाबला. आवाज बंद. पुन्हा सुरू, पुन्हा दाबला, पुन्हा बंद. किती वेळा ते विचारू नका! दर वेळी थांबलं. बाहेर बाबा डोळे पुसत होते आणि हसतही होते. देणगीदादा म्हणाले, "आपल्या खातरजमाबाईंना रिटायर करा आता, वारस मिळाली." शेवटी आवाज सुरूच राहिला. बबडी आत होती आणि चेंडू तिच्या मुठीत सैल पडला होता.

दुसऱ्यांदा तिला खऱ्या यंत्राकडे नेलं, त्या दिवशी माझ्या खोलीत कोणालाच काम सुचत नव्हतं. बाईंनी एकच पत्रक तीनदा वाचलं. दादांनी कोणाकडेही देणगी मागितली नाही, यावरून काय ते समजा.

ती आली! आधी बाबांचं हसू दारातून आत आलं आणि मग ते. "अर्ध्यात चेंडू दाबला तिने. त्यांनी लगेच थांबवलं. बाहेर आली, पाणी प्यायली आणि आपणच म्हणाली, 'परत.'" बबडीच्या हातात फोटो होता. तिने तो उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी निघाली याचा तिला जरा रागच आला होता.

आता माझा रंग पांढराच आहे, तोही कडेने उडालाय. माझ्यासोबत फोटो कोणी काढत नाही. देणगीदादा हल्ली देणगीदारांना टाळ्या वाजवायला लावत नाहीत, आत झोपवतात, पूर्ण आवाजात. बाहेर आल्यावर माणसं मुलांबद्दल खरे प्रश्न विचारतात. खातरजमाबाई वर्षातून एकदा मलाही पत्रकासारखं तपासतात. माझं उत्तम चाललंय.

पण त्या दिवसाचं राहिलंच. सगळे पेढ्याबिढ्याच्या गोष्टी करत होते तेव्हा बबडी कोणाकडेही न बघता सरळ माझ्याकडे आली. बोगद्यात डोकं घातलं आणि फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, "तिथला तुझ्यासारखाच आहे."

जन्मभर मला सगळे 'अगदी खऱ्यासारखा' म्हणत आले. खरा माझ्यासारखा आहे असं म्हणणारी ती पहिलीच.

तुम्हीही या कधीतरी. आत पडून बघा. आवाज वाईट आहे, आधीच सांगून ठेवतो.