कॅप्टनच्या गाडीचा बुश

कॅप्टनने उभ्या आयुष्यात जहाज पाहिलं नव्हतं. तो शहरातली बस चालवायचा. डेपोवाल्यांनी त्याला हे नाव ठेवलं ते त्याच्या ऐटीमुळे: छाती पुढे, मान ताठ, डावा हात गिअरच्या दांड्यावर असा ठेवलेला की जणू फोटो काढून घ्यायचाय. पण मग डेपोत नव्या बस आल्या आणि ऐटीतली अर्धी हवा निघून गेली. नव्या बसला दांडाच नव्हता. बटण दाबायचं, बस निघते.

"लिफ्ट चालवतोय मी," तो घरी येऊन कुरकुरायचा. "फरक इतकाच की आडवी."

आता डाव्या हाताला उरलेलं एकमेव काम म्हणजे घरची गाडी. ती होती बसकी, लाल, जुन्या जमान्यातली स्पोर्ट्स कार. माणसं मावायची दोनच, आणि तीही आधी स्वतःची नीट घडी घालून. तिचा टप काढून ठेवता यायचा. कॅप्टनच्या बायकोचं म्हणणं, "टप काढलेलाच बरा. उडी मारायची वेळ आली तर अडचण नको."

या गाडीचा गिअरचा दांडा म्हणजे एक नमुना होता. न्यूट्रलमध्ये असो की गिअरमध्ये, वीतभर डुलायचाच. नुसतं बघून गाडी कशात आहे ते सांगायची कोणाची टाप नव्हती. पहिला गिअर हवा असेल तर दांडा डावीकडे रेटायचा, अजून रेटायचा, दातओठ खाऊन अजून थोडा रेटायचा आणि मग पुढे ढकलायचा. दुसऱ्यासाठी मात्र जरा लाडीगोडी. तिसरा आपला आपण यायचा, मूड असला तर. हे सगळं फक्त कॅप्टनच्या हाताला ठाऊक. बाकी ज्याने ज्याने प्रयत्न केला, त्याने गाडी जागच्या जागी बंद पाडली आणि हसं करून घेतलं.

"ही फक्त माझं ऐकते," कॅप्टन येईल त्या पाहुण्याला सांगायचा. डेपोत त्याच्या जागी उद्या कोणीही बटणं दाबू शकलं असतं. इथे मात्र त्याच्यावाचून पान हलत नव्हतं.

मग लेकीला लायसन्स मिळालं. पहिल्याच आठवड्यात ती गाडी घेऊन बाहेर पडली आणि चौकात, सिग्नलच्या अगदी खाली अडकली. पहिला गिअर काही सापडेना. मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ. तिने घरी फोन केला तेव्हा कॅप्टन दाढी करत होता. एका गालाला फेस तसाच ठेवून, पायात स्लिपर अडकवून तो धावत आला.

"सरक," म्हणाला. बसला, दांडा रेटला, गाडी भुर्रकन निघाली. मागच्या दूधगाडीवाल्याने अंगठा वर करून दाद दिली. पुढचे कितीतरी दिवस कॅप्टनचे पाय जमिनीला लागत नव्हते.

लेकीला मात्र हे झोंबलं. तिने गाठली आत्या.

आत्याचं गल्लीच्या टोकाला लेथचं वर्कशॉप. कॅप्टनची थोरली बहीण. अख्खं जग त्याला कॅप्टन म्हणो, ती त्याला चिमण्याच म्हणायची. रविवारी सकाळी ती पान्यांची पेटी घेऊन दारात हजर.

"चिमण्या, दांड्याचा बुश गेलाय म्हणे."

"गेला वगैरे काही नाही. तिचा तो स्वभाव आहे."

"लोखंडाला कसला आलाय स्वभाव?"

"आणि गिअरबॉक्स उतरवावा लागेल, ताई. दोन दिवसांचं काम. तुझा रविवार कशाला घालवतेस?"

"दांडा वरून निघतो. तीन बोल्ट. तुला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि तुझ्या पोरीलाही आता माहीत आहे. चहा टाकायला सांग."

कॅप्टन चहा सांगायला आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

तोवर लेकीने दांड्याचा वरचा गोळा फिरवून काढला, खालची चामड्याची पिशवी वर ओढली. आत्याने बोल्ट सोडले, झाकण उचललं, दांडा सरळ वर ओढून काढला. त्याच्या खालच्या टोकाला एक गोटीसारखा गोळा. त्या गोळ्यावर टोपीसारखा बसणारा प्लॅस्टिकचा बुश असायला हवा होता. होते नुसते पिवळे तुकडे, कोणी चावून टाकलेल्या पेनाच्या टोपणासारखे. आत्याने काडीला ग्रीस लावून एकेक तुकडा चिकटवून उचलला, कारण एखादा आत पडला असता तर खरंच गिअरबॉक्स उतरवायची पाळी आली असती. मग भोकावर चिंधी कोंबली आणि दांडा खांद्यावर टाकून मापाचा बुश कातायला वर्कशॉपकडे चालती झाली.

कॅप्टन बाहेर आला तर गाडीला दांडाच नाही. दात पडलेल्या माणसाकडे पाहावं तसं त्याने तिच्याकडे पाहिलं.

"नसतं केलं तरी चाललं असतं," तो म्हणाला.

"तुमचं चाललं असतं, बाबा."

त्याने बॉनेटवरची नसलेली धूळ पुसली.

आत्या नवा, पांढराशुभ्र नायलॉनचा बुश घेऊन आली. तो गोळ्यावर दाबून बसवताना 'टक' असा आवाज झाला. दांडा परत आत गेला, झाकण बसलं, बोल्ट आवळले, वरचा गोळाही परत लागला. आता दांडा मधोमध ताठ उभा राहिला. ढकलला तर हलायचा, सोडला तर गप्प. लेकीने टाळ्या पिटल्या.

"थांब. आधी मी बघतो," कॅप्टन म्हणाला. "काही वाकडंतिकडं बसलं असेल तर मलाच कळेल."

लेक शेजारी बसली. बायको कपडे वाळत घालता घालता थांबली. कॅप्टनने चावी फिरवली, क्लच दाबला आणि सवयीने दांडा डावीकडे रेटला, अजून रेटला, दातओठ खाऊन अजून थोडा रेटला आणि पुढे ढकलला. क्लच सोडला.

गाडी मागे गेली. सरळ धुण्याच्या टबावर. टब उलटला, ओले कपडे अंगणभर पसरले.

"अगं बाई!" बायको ओरडली. "पुढे जायचं होतं ना?"

"बुश उलटा बसवलाय," कॅप्टन म्हणाला.

"गोल आहे तो," आत्या म्हणाली. "त्याला उलट आणि सुलट नसतं. अरे, पहिल्याच्याही पलीकडे रिव्हर्स आहे, मध्ये फक्त एक स्प्रिंग. आजवर तुझा सगळा जोर त्या ढिलाईत मुरत होता. आता तो थेट पोचतो, म्हणून तू स्प्रिंग ओलांडून जातोस."

कॅप्टनने मान हलवली, म्हणजे कळलं. पुन्हा क्लच, पुन्हा दांडा. डोक्याला कळलं होतं, हाताला नव्हतं. गाडीने पुन्हा मागचा रस्ता धरला आणि टब भिंतीला चेपला.

"मी बघू?" लेकीने विचारलं. शक्य तितक्या हळू विचारलं.

तो उतरला. गाडीला वळसा घालून पलीकडच्या सीटवर बसला. गाडी घेतल्यापासून तो त्या बाजूला कधी बसला नव्हता. पाय कुठे ठेवायचे तेही त्याला कळेना. लेकीने दोन बोटांनी दांडा जरासा डावीकडे नेला, पुढे सारला. गाडी फाटकातून बाहेर पडली. दुसरा, तिसरा. कुठे कुरकुर नाही, झटापट नाही.

चौकात सिग्नल लागला. मागे रांग जमली. कॅप्टनने नकळत पाय दाबला, पण त्याच्या पायाखाली क्लच नव्हता. हिरवा झाला आणि गाडी इतक्या सहज सुटली की मागच्याला हॉर्नवर हातही न्यावा लागला नाही.

"बरी चालते," तो म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "कोणाच्याही हातात चालेल आता."

"हो ना!" लेक खुशीत म्हणाली. मग तिने त्याच्याकडे पाहिलं आणि पुढचं बोलणं गिळलं.

गोदामांच्या मागे रविवारी शुकशुकाट असायचा. तिथे पोचल्यावर तो म्हणाला, "थांबव."

जागा बदलल्या. त्याने क्लच दाबला, हात दांड्यावर ठेवला आणि तसाच बसून राहिला. मग दांडा डावीकडे नेत मागे ओढून दुसऱ्यात टाकला. गाडी थरथरत, आचके देत निघाली.

"दुसऱ्यातूनही निघते," तो म्हणाला.

गाडीने आणखी एक आचका दिला आणि बंद पडली. गोदामाच्या छपरावरून दोन कबुतरं उडाली.

इतकी वर्षं गाडी चालवून त्याने तिच्याबद्दल कोणाला एकही प्रश्न कधी विचारला नव्हता. त्याने घसा साफ केला.

"पहिला नेमका कुठेय म्हणालीस?"

लेकीने त्याचा हात दांड्यावरून उचलला, मूठ उघडून दोनच बोटं गोळ्यावर ठेवली. "इथे. आणि बाबा, जोर नाही लावायचा."

"बरं," कॅप्टन म्हणाला आणि क्लच दाबला.