फोटोमागच्या तीन ओळी

मी बोलतोय, केंदूरच्या मालनबाईंच्या पडवीतला जुना संगणक. माझ्या काळ्या पडद्यावर नुसती हिरवी अक्षरं उमटतात. चित्र मला दाखवता येत नाही.

माझी उमेदीची वर्षं कोरेगाव भीमाच्या एका कारखान्यात गेली. कुठला नट कुठल्या रॅकवर, एवढंच मी सांगायचो. नवे संगणक आले आणि मी भंगारात निघालो. तेव्हा तिथं स्टोअरमध्ये कामाला असलेल्या मालनबाईंच्या लेकीनं, अनुपमानं मला मागून घेतलं, मांडीवर धरून टेम्पोतून घरी आणलं.

त्या घरातलं माणूस हरवलं होतं. अनुपमाचे वडील, जयसिंग. त्यांचा विसर वाढत चालला होता. दोन वर्षांमागं गुलछडीच्या गड्ड्या बांधून बाजाराला गेले, ते परतलेच नाहीत.

घरात रेंज जेमतेम. फोनवर फोटोंची पानं अर्धवट उघडून अडायची. तोच फोन मला जोडला की माझ्यावर मात्र नुसती अक्षरं झुळझुळत यायची. कामावरून आली की अनुपमा गावोगावच्या निवारागृहांची पानं उघडायची. कलत्या उन्हात ओळी सरकत राहायच्या. मला वाटायचं, मी पाण्याचा पाट झालोय आणि ही पोर काठावर बसून वाहून गेलेलं काहीतरी शोधतेय.

एका रविवारी फोटोच्या जागी तीन ओळी उमटल्या. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी कुणा भल्या माणसानं त्या फोटोमागं लिहिल्या होत्या, फोटो उघडला की त्या झाकल्या जातात : ‘दाढीवाले आजोबा. डावी करंगळी अर्धी. दोरा दिसला की गवताची गड्डी बांधतात.’

अनुपमाचा हात थबकला. “आई, हे पान मी फोनवर पाह्यलं व्हतं. फोटो बी पाह्यला. दाढीत वळखूच आलं न्हाईत गं!”

मालनबाई पिठाच्या हातानंच आल्या. “काय लिवलंय? परत वाच.”

तिनं वाचलं.

“करंगळी कडबाकुट्टीच्या मिशनीत गेलीया त्यांची,” मालनबाई म्हणाल्या. “तेच हायेत. लाव फोन.”

चौथ्या दिवशी जयसिंग घरी आले.

आता माझी अक्षरं फिकी पडत चालली आहेत. माझं एवढंच मागणं आहे : फोटो टाकाल तिथं त्यात काय आहे, तेही लिहीत जा.

जयसिंग दुपारभर माझ्यासमोर बसतात. काल त्यांनी अनुपमाला विचारलं, “पोरी, तू कुनाची गं?”

“तुमचीच की, आप्पा.”

“बरं झालं,” ते म्हणाले, आणि सरकून तिला शेजारी जागा करून दिली.